बारक्यांचा खड्डा

बाय, तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि खड्ड्याचं पाणी हातभर खाली गेलं. पाण्यात रोवलेल्या खुंटीवर तू कोयत्यानं खाचा केल्या होत्यास, त्यातली चौथी खाच काल उघडी पडली. चौथी खाच दिसली की कोंडा बंद, हा तुझा नियम. मी बंद केला. मासे रोजच्या जागी येऊन तोंडं उघडून उभे राहिले आणि मला तुझा इतका राग आला की हातातली सुपली तिथेच आपटली. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तू गेलीस हे अजून माझ्या डोक्यात नीट शिरलेलं नाही, म्हणून रागावते.

तेराव्याला आलेली माणसं तुझ्याबद्दल फार चांगलं बोलली. माउली होती, देवमाणूस होती. मला मेलीला हसू येत होतं. देवमाणूस कसली! चहा जरा उतू गेला तर अर्धा तास तोंडाचा पट्टा चालायचा तुझा. माझ्या अंगणवाडीच्या रजिस्टरवर एकदा ओली मासळी ठेवलीस आणि वर मलाच बोललीस, की कागद असे पसरून का ठेवतेस. तू थोरली जाऊ, मी धाकटी. अठरा वर्षं एका चुलीवर काढली आपण. तुझा नवरा मी या घरात यायच्या आधीच वारलेला. मूलबाळ नाही. या घरात तुझं म्हणावं असं काय होतं, तर ते दोन खड्डे.

आता लोक त्यांना तळी म्हणतात, पण ते आपले खड्डेच. वीटभट्टीला माती गेली आणि मागे पाणी साठलं. मोठ्या खड्ड्यात तू मरळ सोडलीस आणि लहान खड्ड्यात बारकी मासळी, दांडवण, खवल्या, पावसाळ्यात शेतात चढलेली जी हाताला लागेल ती. मरळीला जिवंत मासा लागतो, म्हणून लहान खड्ड्यातून टोपलीभर बारके काढायचे आणि मोठ्यात सोडायचे. गावाला मात्र मरळच दिसायची. मुरबाडला कुणाचं ऑपरेशन झालं, कुणी बाळंत झाली, की अंग भरून यायला मरळ हवी म्हणून माणसं तुझं दार गाठायची. तुझे दीर, म्हणजे आमचे हे, पाहुण्यांना मोठ्या खड्ड्यावर नेऊन मरळ दाखवायचे. बारक्यांकडे कोणी बघत नसे.

तू मात्र मरळीकडे पाठ करून लहान खड्ड्याच्या काठावर बसायचीस. एकदा मी विचारलं तर म्हणालीस, मरळ वर येऊन वारा घेते, चिखलात ठेवली तरी जगते, उन्हाळ्यात मरायचे ते हे बारके. ते मेले की मरळ आपलीच पिल्लं खाते. मी म्हटलं, मग मरळच निम्मी कमी कर होळीच्या आधी, म्हणजे बारक्यांवरचा ताण गेला. तू म्हणालीस, निम्मी कमी केली तर तुझा नवरा म्हणेल, खड्डा रिकामाच तर हाय. हा वाद आपण दर होळीला घातला. शेवटच्या होळीलाही घातला, आणि मध्येच कुणीतरी हाक मारली म्हणून अर्धा टाकून उठलो. अजूनही मला वाटतं माझंच बरोबर होतं.

तू तानशाच्या बाजूची, पाण्याच्या कडेला वाढलेली. मी आसनगावची; मला मासा ताटात आल्यावरच ओळखू यायचा. तूच शिकवलंस. होळीनंतर शेण घालायचं नाही, थंडीत शेणानं पाणी हिरवं होतं ते बरं, उन्हात त्याचंच विष होतं. दुपारी जाळं टाकायचं नाही. खड्ड्याच्या एका कोपऱ्यावर कारवीच्या काठ्यांचा मांडव घालून वर सागाची पानं टाकायची, पेंढा नाही, पेंढा गळून पाण्यात कुजतो. आणि पहाटे उठून आधी बारक्यांना बघायचं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत असतील तर टाळी वाजवायची. टाळीला खाली गेले तर अजून वेळ आहे. गेले नाहीत तर मग पदर खोचायचा. तू हे सांगताना मी हसायचे. म्हटलं, बाय, तू माशांची अंगणवाडी चालवतेस.

ते साल तुला सांगायला नको. मोबाइल आपल्याकडे यायच्या आधीचं, टोपांचं साल. पुढे घरात सगळे त्याला तेच म्हणायला लागले आणि तू ऐकून घ्यायचीस. त्या होळीला तुझे दीर म्हणाले, भट्टीवाला परत आलाय, दोन्ही खड्ड्यांच्या मधली आणि कडेची माती मागतोय, खड्डे मोडावे लागतील. तू ताटावरून उठली नाहीस. पुढचा घास घेतलास, गिळलास आणि म्हणालीस, उन्हाळाभर मासळी जगवून दाखवते. पावसापर्यंत जगली तर खड्डे राहतील, नाही जगली तर माती घेऊन जा. ते बरं म्हणाले. तुझा भाऊ शहापूरहून दोनदा निरोप पाठवून चुकला होता, की इथे कशाला राहतेस, ये निघून. खड्डे मोडले असते तर त्या निरोपाला तुझ्याकडे काही उत्तर उरलं नसतं. हे मला कळत होतं, बाय. चांगलं कळत होतं.

म्हणून त्या वर्षी मी तुझ्याहून जास्त धावपळ केली. वैशाख लागेपर्यंत पाणी तिसऱ्या खाचेवर होतं. मग तुझ्या भाचीचं लग्न निघालं आणि तुला दोन दिवस जावं लागलं. एसटीत चढतानाही तू बोलत होतीस, पाण्यात काय टाकू नको गो, भाताचं शीतसुद्धा नको. मी म्हटलं, जा तू, मी काय कुक्कुलं बाळ नाय.

त्याच दिवशी खालच्या आळीत लग्न होतं. नवरीची आई आसनगावची, माझ्या माहेरची. जेवणावळ उठली तेव्हा त्यांच्या आळीच्या विहिरीत पोहऱ्याला नुसता चिखल येत होता. ती चार बायका घेऊन माझ्याकडे आली, मोठे टोप कुठे धुवायचे म्हणून. मोठ्या खड्ड्याचा काठ उभा, लहान खड्ड्याचा सखल. माहेरची बाई पहिल्यांदा काही मागत होती. मी तिला नाही म्हणू शकले नाही. मी म्हटलं, धुवा की, तेवढ्यानं काय होतंय. टोपांच्या बुडाला भात होता, डाळ होती, तेलाचा तवंग होता. एक म्हातारी म्हणाली, उकिरड्यावर टाकण्यापेक्षा माशांच्या पोटात जाऊ दे, नवरा-नवरीला पुण्य लागंल. मीच टोप कलंडवला, बाय. मासे नुसते उड्या मारत आले. मला इतका आनंद झाला! वाटलं, तू महिनाभर मूठ मूठ कोंडा मोजून टाकतेस, आज पोटभर जेवले बिचारे.

दुसरा दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी तू आलीस. हातपाय धुवायच्या आधी खड्ड्यावर गेलीस, ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी नेलंस आणि तिथूनच मला हाक मारलीस.

"पानी आंबलंय. काय टाकलंस?"

"नाय. काय नाय टाकलं."

तू माझ्याकडे बघितलंस. काठावर राख पडली होती, भाताची शितं चिकटली होती, टोपांचे गोल ठसे चिखलात उमटले होते. आंधळ्यालाही दिसलं असतं. तू पुन्हा विचारलं नाहीस. मला तेव्हा वाटलं, सुटले. तू सागाची पानं बाजूला सारून मांडवाखाली बघितलंस आणि म्हणालीस, उद्या पहाटे लवकर उठ.

पहाटे तू मला उठवलंस तेव्हा जेमतेम दिसायला लागलं होतं. सगळा खड्डा तोंडांनी भरला होता. पाण्याच्या वर नुसती तोंडं, उघडत होती, मिटत होती, आणि त्याचा बारीक आवाज येत होता. तू टाळी वाजवलीस. एकही खाली गेला नाही. तू दुसऱ्यांदा वाजवली नाहीस. लुगडं खोचून पाण्यात उतरलीस आणि हातातल्या फांदीनं पाणी झोडपायला लागलीस. मीही उतरायला गेले तशी ओरडलीस, की पाय आपटू नको, गाळ हलला तर खालचं सडकं वर येईल आणि उभ्याउभ्या सगळे जातील. मला काठावरची शितं पदरानं गोळा करायला लावलीस. मी एकेक शीत उचलून पदरात टाकत होते.

तेवढ्यात तुझे दीर आले. कंपनीत पहिल्या पाळीला निघाले होते, डबा हातात. काठाला पांढरी पोटं वर करून मासे लागले होते, ते बघून थांबले. मग राख बघितली.

"टोप कोनी धुऊ दिले हितं?"

तू कमरेइतक्या पाण्यात होतीस, त्यांच्याकडे पाठ होती. झोडपणं थांबलं. त्या वेळी नुसती गप्प बसले असते तरी बरं झालं असतं. पण माझ्या तोंडातून निघालं, "मला काय म्हाईत. बायला विचारून गेले असतील, ती जायच्या आधी."

तू वळली नाहीस. परत पाणी झोडपायला लागलीस. ते एवढंच म्हणाले, की संध्याकाळी बोलू, आणि गेले. ते गेल्यावर तू मला पहिला हंडा आणायला सांगितलास, रोजच्यासारख्या आवाजात. त्या आवाजानं मला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्यास तर मी रडले असते, पाया पडले असते, सगळं सांगून मोकळी झाले असते.

तो दिवस आपण कसा काढला ते आपल्या दोघींनाच माहीत. गुरांसाठी राखलेलं आपल्या विहिरीचं पाणी तू काढायला लावलंस. तांदूळ धुवायची रोवळी तू डोक्याच्या वर धरायचीस आणि मी काठावरून हंडा तिच्यात ओतायचे, म्हणजे पाणी धारा-धारांनी वारा घेत खाली पडायचं. त्या धारांखाली बारके गोळा व्हायचे. निम्मे मासे आपण हंड्यांतून नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यात नेऊन सोडले. तिथेही तू एकदम ओतू दिले नाहीस. हंड्यातलं थोडं पाणी काढायचं, झिऱ्याचं थोडं घालायचं, मग थांबायचं. ऊन डोक्यावर आलं होतं आणि तू म्हणत होतीस, घाई नको, घाई केली तर इथे आणून मारल्यासारखं होईल. माझ्या हाताला फोड आले. मी ते तुला दाखवले नाहीत, आणि माझी तीच शिक्षा झाली असं मनाशी धरून बसले. किती स्वस्तात सुटायला बघत होते मी.

मेलेले मासे तू मरळीला घातले नाहीस. शेवग्याखाली खड्डा करून पुरलेस. संध्याकाळी हे आले, तुम्ही दोघं पडवीत बसून बोललात. मी आत भाकऱ्या थापत होते. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, आणि खरं सांगते, मी ते कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. मला वाटलं भट्टीवाल्याचं चाललंय. तू आत आलीस, ताट घेतलंस, भाकरी नेहमीपेक्षा जाड झाली म्हणून मला बोललीस. मला बरं वाटलं. वाटलं, मिटलं.

पुढचे आठ-दहा दिवस रोज पहाटे तेच. पण चौथ्या दिवशी टाळीला मासे खाली गेले. तू परत वाजवलीस, परत गेले, आणि तू लहान मुलीसारखी हसलीस. निम्मेशिम्मे जगले. पावसाळा आला, झिऱ्यातले मासे शेतांत गेले, खड्डे भरले आणि भट्टीवाल्यानं दुसरीकडची माती धरली. खड्डे राहिले. घरात मात्र एक गोष्ट कायमची बसली, की वहिनींना माशांतलं कळतं खूप, पण त्या वर्षी नको तिथे भीड धरली आणि टोप धुऊ दिले. तुझे दीर पाहुण्यांनाही सांगायचे. तू शेजारीच असायचीस.

पुढच्या लग्नसराईत बायका पुन्हा विचारायला आल्या. तू ओटीवर तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "माझ्या जावंला इचारा. नाय बोलाचा काम तिच्याकडं दिलाय." तेव्हा मला कळलं की तुला सगळं ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या लग्नघरांना नाही म्हणून मीच वाईट झाले. माझ्या माहेरच्या माणसांनासुद्धा नाही म्हणाले. तू लांबून बघायचीस आणि तुझे ओठ हलायचे. ती तुझी चेष्टा होती की शिक्षा, मी कधी विचारलं नाही. मला ते आवडायला लागलं होतं. वाटायचं, आपण न बोलता ते पुसून टाकलं. दोन जावांत एवढं न बोलता चालतं, याचा मला अभिमानसुद्धा वाटायचा.

एकच गोष्ट मला कळायची नाही. त्या सालानंतर तू प्रत्येक गोष्ट दिराला विचारून करायला लागलीस. सुपभर कोंडा टाकू का, मांडव इकडे घालू का, दोन मरळी शेजारी देऊ का. ज्या माणसाला दांडवण आणि खवली यांत फरक कळत नाही, त्याला तू विचारायचीस. मी तुला त्यावरून चिडवायचे, की बाय, म्हातारपणी घाबरट झालीस. तू म्हणायचीस, विचारलेलं बरं असतं.

आज पहाटे मासे वर आले. मी टाळी वाजवली, थोडे खाली गेले, बरेचसे नाही. मी फांदी घेऊन उतरले. आता मलाही गाळ न हलवता चालता येतं. हे आवाजानं जागे होऊन आले. केस सगळे पिकलेत त्यांचे, तू गेल्यापासून जेवणावर लक्ष नाही. दुसरी फांदी घेऊन काठावरून पाणी झोडपायला लागले. मग म्हणाले, टोपांच्या सालासारखंच झालं की हे. वयनीनं त्या साली तेवढी भीड धरली नसती तर.

मी म्हटलं, "टोप मी धुऊ दिले होते. बाय घरात नव्हती. तिला काय बी म्हाईत नव्हतं."

त्यांचा हात थांबला. मला वाटलं रागावतील. इतक्या वर्षांनी रागावायचं तरी काय, असंही वाटलं. ते काठावर खाली बसले, ओल्या चिखलात.

"मी तिला त्या सांजला जा म्हनलो व्हतो," ते म्हणाले. "पडवीत. भावाकडं जा, सकाळी एसटीत बसवतो म्हनलो. तुझ्यानं एक खड्डा राखवत नाय, तर कशाला ऱ्हातंस हितं, असा बोललो."

मी विचारलं, ती काय म्हणाली.

"म्हनली, जाते. पन बारक्यांचा जीव वर आलाय, त्यांना असा टाकून नाय जात. पाऊस पडू दे."

पाऊस पडल्यावर त्यांनी तुला विचारलं नाही आणि तू गेली नाहीस. एवढंच झालं. पुढच्या होळीलाही कोणी विषय काढला नाही. ते म्हणतात, आपण रागात बोललो आणि विसरलो. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते तोंड फिरवून रडत होते. विसरले नव्हते ते, आणि तू तर नाहीच.

म्हणजे विचारलेलं बरं असतं, ते यासाठी. मी ज्याला घाबरटपणा म्हणून चिडवत होते, ते हे होतं. इतकी वर्षं तू या घरात पावसापर्यंतच्या मुदतीवर राहिलीस, आणि मी शेजारी बसून भाकऱ्या थापल्या. तुझ्याकडे सांगायला एकच वाक्य होतं, की मी नव्हते, ती होती. ते बोलली असतीस तर त्याच संध्याकाळी सगळं मिटलं असतं. तू ते बोलली नाहीस, कारण मग माहेरी जायची पाळी माझ्यावर आली असती, आणि माझं लग्न होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. का केलंस असं? मला विचारून तरी करायचंस. एवढं मोठं ओझं कोणी कोणाला न विचारता उचलतं का?

ऊन वर आल्यावर मासे खाली गेले. आम्ही दोघं काठावर बसून होतो.

बाय, टोप मी धुऊ दिले. उष्टं मी ओतलं. तू विचारलंस तेव्हा नाय म्हणाले, आणि त्यांनी विचारलं तेव्हा तुझं नाव घेतलं. तुला कुठेही जायचं नव्हतं. पाऊस पडो न पडो, खड्डे राहोत न राहोत, घर तुझंच होतं. हे तुला एकदा तरी कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणारी घरात मी एकटीच होते.